लाल वायरीवरचा चिमटा

पुसेगावच्या आसपासच्या सात-आठ गावांत कुणाची लाईट गेली की पहिला फोन मला येतो. फ्यूज उडू द्या, मोटर जळू द्या, लोक मला भरल्या ताटावरून उठवतात. मी शिव्या घालत जातो, पण जातो. खरं सांगायचं तर ते उठवणंच मला आवडतं. दारात पाय ठेवला की कुणीतरी म्हणतं, "आले बघा वायरमन भाऊ, आता काळजी न्हाई," आणि मंग मी जेवलो न्हाई हेच विसरून जातो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते ह्याच माणसाच्या हातून झालं. त्यात नशिबाचा, ग्रहाचा काही दोष न्हाई.

बायको माझी बारावी सायन्स. लग्नाच्या बोलण्यात सासऱ्यानं हे दोनदा सांगितलं व्हतं आणि मी दोन्हीदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं व्हतं. तिला पुढं डिप्लोमा करायचा व्हता, तो राहिला. आमी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी बसवली, ती तिनं सांभाळली. पोरगी नर्सिंगला नांदेडला गेली तशी हिची दुपार मोकळी झाली. दळण नसलं की मोबाईलवर काहीतरी बघत बसायची. मला वाटलं, मालिका बघत असंल. बघू दे बिचारी.

एक दिवशी कुरिअरवाला हिंगोलीहून एक पुडकं घेऊन आला. आत काडेपेटीएवढा एक हिरवा बोर्ड, बारक्या वायरी आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा एक काळा चिमटा.

"हे काय खेळणं मागवलंस?" मी म्हणलं.

"खेळणं न्हाई. घरात कितीची लाईट जळून राहिली ते मोबाईलवर दिसतं. त्या त्या घटकेला. वायर ओढायची तकलीफ न्हाई, वायफायवर येतं."

"कुणी शिकवलं?"

"एक पोरगा शिकवतो मोबाईलवर. हिंदीत."

मी मोठ्यानं हसलो. "अगं, भिंतीवर मीटर लावलंय, ते काय पूजेला लावलंय का?"

"मीटर महिन्याची गोळाबेरीज सांगतं," ती म्हणली. "कोण किती खातं ते न्हाई सांगत."

हे मला खुपलं. खोटं असतं तर खुपलं नसतं.

पुढं दोन-तीन आठवडे तिनं त्यात डोकं घातलं. पोरीचा जुना लॅपटॉप काढला. माझीच सोल्डरिंगची गन घेतली, बोटं दोनदा भाजून घेतली, फुंकर मारली आणि परत बसली. मी येता-जाता टोमणे मारायचो. "काय मग, झालं का यान तयार? चंद्रावर कवा निघायचं?" ती वर न बघता म्हणायची, "निघायच्या आधी भाकरी करून ठेवीन, घाबरू नका." तिला माझा राग येत नव्हता, ह्याचाच मला राग यायचा.

मंग ते बसवायचा दिवस आला. इथं आमच्या घरातल्या बोर्डाबद्दल थोडं सांगावं लागंल. गिरणीमुळं आमच्याकडं थ्री फेजचं मीटर. म्हंजे तीन जिवंत तारा घरात येतात, लाल, पिवळी आणि निळी. गिरणीला तिन्ही लागतात. दिव्या-पंख्याला एकच पुरते, आणि ती कोणती घ्यायची हे बोर्डावरच्या एका गोल खटक्यानं ठरतं. आमच्याकडं हे लेकराला बी ठाऊक. बल्ब मिणमिणला, पंखा रेंगाळला की घरातलं कुणीतरी उठतं आणि खटका फिरवतं. एका फेजला जोर नसला की दुसरी घ्यायची. कोणती लागली ते कुणी बघत न्हाई, बल्ब फक्क झाला की झालं. आमच्या खटक्यावरच्या खुणा तर पिठाच्या थरानं कवाच्या बुजल्या.

तो शिकवणारा पोरगा शहरातला. त्याच्या घरात एकच तार येत असंल, फेज बदलायचा असतो हे त्याच्या गावी बी नसंल. त्यानं दाखवलं तसंच हिनं केलं. मीटरमधून निघणाऱ्या लाल वायरीला चिमटा लावला, बोर्ड एका प्लास्टिकच्या डब्यात घातला, त्याला पॉवर बँक जोडली आणि डबा भिंतीला टांगला. घर तवा लाल फेजवरच चालू व्हतं. मेन मी बंद केला व्हता आणि ती स्टुलावर चढली तवा स्टूल मीच धरलं व्हतं. मला खालूनच दिसलं. एक वाक्य बोलायचं व्हतं: अगं, तिन्ही तारांना चिमटे लाव, न्हाईतर खटका फिरवला की तुझं मशीन आंधळं झालं म्हणून समज. वाक्य तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं. म्हणलं, इतकी हुशार हाय ना, कळू दे तिचं तिला.

तिला कळलं न्हाई, कारण दिवस पावसाळ्याचे व्हते. शेतातल्या मोटरी बंद, तारेत जोर बराबर. खटक्याला हात लावायची वेळच येईना. मेन चालू केला आणि तिच्या मोबाईलवर आकडा आला. तिनं पंखा बंद केला, आकडा उतरला. इस्त्री लावली, आकडा टणकन वर गेला. ती लेकरासारखी खोल्याखोल्यांतून पळत एकेक बटन दाबत राहिली. "अहो, बघा तरी! अहो, हे बघा!" मी बघितलं आणि म्हणलं, "हां, बरं हाय." एवढंच. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या दिवशी माझ्या जिभेला हाड फुटलं व्हतं.

चार दिवसांनी ती म्हणली, "अहो, गिरणीची मोटर जास्त ओढून राहिली. पाटीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा बरंच."

ती मोटर मी भरली व्हती. तांब्याच्या तारेचा एकेक वेढा ह्या हातांनी घातलेला. सात-आठ गावांत माझ्या मोटरीला कुणी नाव ठेवलं न्हाई आणि माझ्याच घरात माझीच बायको मोबाईल बघून सांगून राहिली की मोटर जास्त खाते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझं मशीन खोटं बोलतं," मी म्हणलं. मी नंतर हळूच माझं मीटर लावून बघितलं. मशीन खरं बोलत व्हतं.

ह्यानंतर आले हेडमास्तर. गावातल्या शाळेचे, भला माणूस, गहू दळायला घेऊन आले व्हते. शाळेची वायरिंग पहिल्यापासून माझ्याकडं. पण ह्या सरांनी मला कवा "बसा" म्हणलं न्हाई. बंद पंखा बोटानं दाखवायचा आणि वर्गात निघून जायचं. तेच सर त्या दिवशी आमच्या गिरणीत गव्हाच्या पोत्यावर बसले आणि तासभर तिला विचारत राहिले. चिमटा वायरीला न कापता मोजतो कसा, आकडा मोबाईलवर येतो कसा. ती सांगून राहिली व्हती आणि सर खिशातली डायरी काढून लिहून घेऊन राहिले व्हते. लिहून! माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं न्हाई. मी दारात पकड हातात घेऊन उभा व्हतो, आणि खोटं कशाला सांगू, माझी नुसती आग आग झाली. परक्या माणसावर जळलो असतो तर एक वेळ बरं दिसलं असतं. मी माझ्या बायकोवर जळत व्हतो.

जाताना सर म्हणाले, "ताई, आठवी-नववीच्या मुलींसाठी शनिवारी एक वर्ग सुरू करायचा आमच्या मनात आहे. हातानं काही बनवायला शिकवणारा. तुम्ही घ्याल का? पुढच्या आठवड्यात बचत गटाच्या महिलांना घेऊन येतो. त्यांनी बघितलं, पटलं, की त्याच आपापल्या मुली पाठवतील."

तिनं पदराचा शेव धरून नुसती मान हलवली. सर गेल्यावर मला म्हणली, "अहो, मला शिकवायला बोलावलं." मंग परत म्हणली, "मला." डिप्लोमा राहिल्यापासून ती अशी कवा दिसली नव्हती. मी म्हणलं, "गिरणी कोण बघंल शनिवारी?" ती म्हणली, "मी लवकर उठून दळून ठेवीन सगळं."

तो दिवस आला. दुपारची वेळ. गावातल्या आणि तांड्यावरच्या मिळून दहा-बारा बाया, सर आणि शेजारपाजार. पुढं चटई टाकली, चहा टाकला. तिनं इस्त्री, मिक्सर, पंखा सगळं ओळीत मांडून ठेवलं. नवी साडी नेसली व्हती. सगळ्यांना बसवायला ती बाहेर ओसरीत गेली आणि गिरणीच्या खोलीत मी एकटा राहिलो.

व्होल्टेज त्या दिवशी चांगलं व्हतं. कुणी मला विचारलं असतं तर मी म्हणलो असतो, बल्ब मिणमिणला म्हणून फिरवला. मनात ते बी तयार ठेवलं व्हतं. पण बल्ब मिणमिणला नव्हता. मी खटका लालवरून पिवळ्यावर फिरवला, पंखा क्षणभर अडखळला आणि परत फिरू लागला. आमच्याकडं पंखा अडखळला तर मान वर करून कुणी बघत न्हाई.

ती आत आली. "आता बघा हां," म्हणली आणि मोबाईल सगळ्यांना दिसंल असा उचलून धरला. पंखा चालू, ट्यूब चालू, आकडा शून्य. तिनं इस्त्री लावली. शून्य. मिक्सर रिकामाच घरघरला. शून्य.

"अगं बाई!" एक बाई म्हणली, "मंग तुला लाईट फुकटच हाय की!"

"मला बी दे ना असलं," दुसरी म्हणली. "माझ्या घरचं बी शून्य करून दे."

हसण्याची नुसती लाट उठली. बाया वाईट नव्हत्या, गंमतच करत व्हत्या. पण हिचं तोंड कानापर्यंत लाल झालं. स्टूल ओढून ती चढली, चिमटा उघडून परत लावला, डबा खोलून बघितला. शून्य. मंग तिनं माझ्याकडं बघितलं.

"अहो, तुमी जरा बघता का?"

मी चढलो. चिमटा हलवला, वायर चाचपली, नाकासमोर खटका व्हता त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. आणि खाली उतरून सगळ्यांच्या देखत म्हणलं, "वायरिंग बराबर हाय. तुझ्या मशीनीतच काहीतरी गडबड हाय."

सरांनी चहा संपवला. "होतं असं. प्रयोग आहे, पुन्हा कधीतरी बघू," म्हणाले. पुन्हा कधीतरी म्हंजे काय ते तिला बी कळलं आणि मला बी.

माणसं गेली. ती कपबशा घेऊन मोरीवर गेली तसा मी खटका परत लालवर घेतला. थोड्या वेळानं तिनं मोबाईल उचलला आणि तिथंच उभी राहिली. "आता दाखवून राहिलं," म्हणली. धुतलेल्या कपबशा परत पाण्यात घालून तिनं दुसऱ्यांदा धुतल्या.

मला आनंद झाला का? झाला. लपवत न्हाई. दुसऱ्या दिवशी पुसेगावात चहाच्या गाड्यावर मी हा किस्सा रंगवून सांगितला, बायांचे आवाज काढून सांगितला. माणसं पोट धरून हसली. दोन दिवस मी तसाच फुगलेला व्हतो.

ती मात्र चार दिवस त्या डब्याला चिकटली. सगळे सांधे सोडवले, परत जोडले. तो हिंदी पोरगा पहिल्यापासून परत बघितला, थांबवून थांबवून. पाचव्या दिवशी सकाळी मी दाढी करत व्हतो, ती मागं येऊन उभी राहिली.

"अहो, एक विचारू? त्या दिवशी कुणी फेज बदलला व्हता का?"

आरशात मला तिचं तोंड दिसत व्हतं. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. वायरमनला विचारावं तसं विचारलं व्हतं तिनं, अगदी गावातल्या दुसऱ्या कुणी विचारावं तसं.

"न्हाई," मी म्हणलं. "तवा कुठं व्होल्टेज कमी व्हतं? कोण कशाला बदलंल?"

"व्हय, तेच म्हणलं," ती म्हणली. "तुमी म्हणता म्हंजे नसंल बदलला. मंग माझंच काहीतरी चुकलंय." आणि त्याच दुपारी शाळेत जाऊन सरांना सांगून आली की वर्ग माझ्याच्यानं व्हणार न्हाई, जे मला समजलं न्हाई ते लेकरांना काय शिकवू.

मला वाटलं व्हतं, आता जळजळ थांबंल. थांबली न्हाई. तिनं माझ्या एका शब्दावर सगळं सोडून दिलं आणि माझी चाकरी करत राहिली. डबा तेवढा भिंतीवर राहिला. आपल्यापुरता अधूनमधून बघायची, पण मला "अहो, बघा" म्हणणं बंद झालं. ते मला हवं व्हतं ना? मंग बंद झालं तर काहून टोचत व्हतं, कुणास ठाऊक.

दिवाळी झाली. कालव्याला सिद्धेश्वर धरणाचं पाणी सुटलं, हरभऱ्याला मोटरी चालू झाल्या आणि तारेतला जोर गेला. एक दिवशी दुपारी मी जेवायला बसलो व्हतो. ती मिक्सरवर शेंगदाण्याचा कूट करत व्हती आणि मिक्सर रडायला लागला. ती उठली, गिरणीच्या खोलीत गेली आणि सवयीनं खटका फिरवला. मला ताटावरून दारातून ती सरळ दिसत व्हती. मिक्सरला जोर आला. तिनं कमरेचा मोबाईल काढून बघितला.

मंग तिनं खटका मागं फिरवला. मोबाईल बघितला. परत पुढं फिरवला. परत मागं. माझा घास हातातच राहिला. पाच-सहा वेळा फिरवला असंल तिनं, पंखा अडखळत राहिला. मंग ती वळली आणि माझ्याकडं बघितलं.

ती ओरडंल असं मला वाटलं. ओरडली असती तर मी बी ओरडलो असतो, भांडण झालं असतं, भांडणात माझा हात कुणी धरत न्हाई. पण ती येऊन बसली आणि माझ्यासमोरच तिनं सरांना फोन लावला.

"सर, चूक सापडली. एकाच तारेला चिमटा लावला व्हता, आमच्याकडं तीन तारा येतात. व्हय सर, माझीच चूक. पुढच्या शनिवारी या, तवर दुरुस्त करते."

"अगं, मी काय म्हणतो—" मी सुरू केलं.

"जेवा तुमी," ती म्हणली आणि ताटात भाकरी वाढली.

वर्ग तिला मिळाला, हे आताच सांगून टाकतो. बाया परत आल्या, आकडे दिसले, आता दर शनिवारी ती शाळेत जाते आणि पोरी तिला मॅडम म्हणतात. पण मला सांगायचं हाय ते बाया परत यायच्या आदल्या दिवसाचं.

दोन नवे चिमटे आले व्हते. मी सकाळपासून घरातच व्हतो, कामाला गेलो न्हाई. म्हणलं, आता मेन बंद करायला मला हाक मारंल, स्टूल धरायला बोलावंल, तवा बोलून टाकू. काय बोलायचं ते मनात जुळवून बी ठेवलं व्हतं. तर दारात मोटरसायकल थांबली आणि नर्सी गावचा वायरमन पिशवी घेऊन उतरला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याच्या कामाला मी आजवर प्रत्येक गावात नावं ठेवली, आणि त्याला ते ठाऊक हाय. मला ओसरीत बसलेला बघून तो बिचारा पायरीवरच थबकला.

"वहिनींनी फोन केला व्हता," तो म्हणला. "दोन चिमटे बसवायचे म्हणल्या. पण दादा, तुमी तर घरीच हाय की. मला काहून बोलावलं?"

ती आतून हात पुसत आली. माझ्याकडं बघितलं न्हाई. शांतपणानं त्याला म्हणली, "ह्यांना ह्या मशीनीतलं काही कळत न्हाई. पहिल्या वेळी ह्यांनीच स्टूल धरलं व्हतं, समोर चूक असून ह्यांना दिसली न्हाई."

तो माझ्या तोंडाकडं बघू लागला. मी "न्हाई" म्हणीन, चिडीन, ह्याची तो वाट बघत व्हता. "न्हाई" म्हणायचं तर मला दिसलं व्हतं असं म्हणावं लागलं असतं, आणि मंग पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

"व्हय," मी म्हणलं. "आपल्याला न्हाई कळत त्यातलं."

"असं व्हय," तो म्हणला आणि चपला काढून आत गेला. मेन कुठून बंद करायचा ते तिनं त्याला दाखवलं. पंखा थांबला. स्टूल हलतंय का बघायला मी उठलो, तर ती म्हणली, "बसा तुमी. मी धरते."